द्रव इंधनावरचा टिकाऊ स्टोव्ह: परांग ला साठी काय घ्यावं?

पायवाट
नमस्कार मंडळी. ऑगस्टअखेर आम्ही चौघं स्पितीतल्या किब्बरहून निघून, परांग ला ओलांडून त्सो मोरिरीकाठच्या करझोकला उतरायचं म्हणतोय. खिंड साधारण ५,६०० मीटरवर, चालायचे सात-आठ दिवस, मधे गाव नाही की झाड नाही. सामानाला खेचरं आहेत, पण स्वयंपाकी घेतलेला नाही. रांधायचं आम्हीच.

सह्याद्रीत आम्ही गॅसच्या डबीवर बसणारा छोटा बर्नर वापरतो आणि त्याबद्दल काहीच तक्रार नाही. या वेळी मात्र पेट्रोल किंवा रॉकेलवर चालणारा, बाटली वेगळी आणि बर्नर वेगळा असा स्टोव्ह घ्यायचा विचार आहे. एकदाच पैसे घालायचे आणि पुढे दहा-पंधरा वर्षं तो साथ देईल असा हवा. जाहिराती वाचून काही ठरत नाहीये. ज्यांनी स्वतः वापरलाय, खोलून परत जोडलाय, त्यांनी सांगा: इंधन कोणतं धरावं, स्टोव्ह कोणता घ्यावा, सोबत सुटे भाग कोणते ठेवावेत?

रानभूल
चांगला धागा. पण गॅस का नको? प्रोपेन मिसळलेल्या डब्या मिळतात की आता. पेटवायचा त्रास नाही, काजळी नाही, वजन कमी.

पायवाट
रानभूल, विमानात नेता येत नाहीत, रेल्वेतही नाही. म्हणजे मनालीत किंवा काझात मिळतील या भरवशावर निघायचं. चौघांचा आठ दिवसांचा स्वयंपाक म्हटलं की डब्यांचा ढीग होतो, आणि रिकाम्या डब्या परत आणायच्या त्या वेगळ्याच.

कातळकडा
पायवाट, स्टोव्हचं नंतर बघू, आधी इंधन ठरवा. जिथून चालायला सुरुवात करणार तिथे जे खात्रीने मिळतं, त्यावर चालणारा स्टोव्ह तुमचा. तुमच्या वाटेवर ते गाव काझा आहे. तिथे ३,७४० मीटरवर पेट्रोल पंप आहे, म्हणजे पेट्रोल आणि डिझेल मिळणारच. रॉकेलचं तसं राहिलेलं नाही. पूर्वी कुठल्याही पहाडी गावात दुकानदाराकडे पिंप असायचं, चार लिटर सहज मिळायचं. घरोघर सिलिंडर आले, रेशनवरचं रॉकेल आटत गेलं, आणि आता पुण्यातसुद्धा पांढरं रॉकेल शोधत फिरावं लागतं. तेव्हा पेट्रोल मुख्य धरा. पण स्टोव्ह असा घ्या की रॉकेल मिळालं तर त्यावरही चालेल.

गॅसबद्दल थोडं. नुसतं ब्युटेन समुद्रसपाटीला उणे अर्ध्या अंशाला उकळतं, आयसोब्युटेन उणे १२ च्या आसपास, प्रोपेन उणे ४२ ला. उंचीवर बाहेरचा दाब कमी असल्यामुळे ब्युटेन जरा आधी उकळतं, त्यामुळे मिश्र गॅसची डबी परांग लावर अगदीच मान टाकत नाही. अडचण पुढे येते. प्रोपेन आधी उडून जातो, तळाशी ब्युटेन उरतं, आणि पहाटेच्या थंडीत नेमक्या चहाच्या वेळी ज्योत बसते. पंपाच्या स्टोव्हमध्ये दाब तुमच्या हातात असतो. ज्योत बसली की दहा झटके मारा, परत उभी राहते. बर्फाळ जागी आणि लांबच्या मुक्कामाला माझा कौल याच कारणासाठी द्रव इंधनाला आहे. सह्याद्रीत दोन दिवसांना मी स्वतः गॅसच नेतो, तिथे याचं वजन उगाच का वाहायचं?

सायकलवाली
पेट्रोलला माझं मत. मनाली-लेह सायकलवर केलं तेव्हा पेट्रोलचाच स्टोव्ह होता. तांदीच्या पंपावरची 'पुढचा पंप ३६५ किलोमीटर' ही पाटी प्रसिद्धच आहे, तिथे बाटल्या भरून घेतल्या की पुढची चिंता मिटते. एक लक्षात ठेवा, पंपावर प्लास्टिकच्या बाटलीत पेट्रोल मागू नका. देत नाहीत, आणि देऊही नये. स्टोव्हची धातूची बाटली दाखवून नीट सांगितलं की बहुतेक ठिकाणी देतात. नाहीच दिलं तर मुक्कामाच्या घरमालकांना सोबत न्या.

माई
मुलांनो, हा धागा वाचून फार बरं वाटलं. आमचा अख्खा संसार पितळी स्टोव्हवर झाला. पंप, पिन, काकडा, वायसर हे शब्द कुणी लिहिलेले बघून किती वर्षं झाली!

तुमचे स्टोव्ह परदेशी असतील, पण आतलं काम तेच आहे. टाकीत हवा मारायची, दाबाने रॉकेल वर चढतं, तापलेल्या नळीत त्याची वाफ होते, वाफ बारीक भोकातून जोरात सुटते, हवेत मिसळते आणि निळी जळते. नळी तापलेली नसेल तर वाफेऐवजी तेलच बाहेर येतं आणि पिवळा भडका होतो. म्हणून आधी बर्नरखालच्या वाटीत स्पिरिट घालून काकड्याने पेटवायचं, ते पुरतं जळत आलं की मग हवा मारायची. घाई करणाऱ्याच्याच हातून भडका होतो. आमच्या काळी पेपरात 'स्टोव्हचा भडका होऊन' अशी बातमी नेहमी यायची, आणि त्यातल्या कितीतरी सुनांच्या बाबतीत दोष स्टोव्हचा नव्हता हे सगळ्यांना ठाऊक असायचं. पण खरोखरच्या अपघातांत नायलॉनची साडी हे एक मोठं कारण होतं. तुम्ही सगळे अंगावर नायलॉनची जाकिटं घालून स्टोव्हवर वाकता. पेटवताना ते जाकीट काढून ठेवा, केस बांधा, गळ्यातला मफलर सोडा. एवढं माझं ऐका.

कातळकडा
माईंच्या प्रतिसादाला लाख वेळा अनुमोदन. नवा स्टोव्ह हातात आला की पहिलं काम म्हणजे घराच्या गच्चीत किंवा अंगणात पेटवायला शिकणं. ५,००० मीटरवर, बोटं बधिर असताना, पहिल्यांदा पुस्तिका उघडायची नाही.

पेट्रोलवर लोक स्पिरिट न वापरता वाटीत थोडं पेट्रोलच सोडून पेटवतात. चालतं, पण ज्वाळा फूटभर वर येते आणि बर्नर काळा होतो. शंभर मिली स्पिरिट सोबत ठेवलं की सात-आठ दिवस स्वच्छ पेटतो. हार्डवेअरच्या दुकानात लाकडाच्या पॉलिशसाठी मिळतं तेच. नसेल तर अल्कोहोलचं सॅनिटायझर जेलसुद्धा वाटीत जळतं, फक्त पाण्याचा अंश जास्त असल्याने वेळ लागतो. स्पिरिटची ज्योत उन्हात दिसत नाही. विझली आहे असं समजून वर ओतायला जाऊ नका.

उत्तरायण
मी स्टॉकहोमजवळ राहतो, म्हणून थोडी भर घालतो. माई म्हणतात ते अगदी खरं आहे. हा सगळा प्रकार इथूनच सुरू झाला. फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्ट या कारागिराने १८९२ मध्ये वातीशिवाय, दाबावर चालणारा, काजळी न धरणारा रॉकेलचा स्टोव्ह बनवला, तोच प्रायमस. अमुंडसेन १९११ मध्ये दक्षिण ध्रुवावर गेले तेव्हा आणि हिलरी-तेनझिंग १९५३ मध्ये एव्हरेस्टवर चढले तेव्हाही बर्फ वितळवायला प्रायमसच होते. बाटलीलाच टाकी करून त्यात पंप बसवायची कल्पना सिएटलच्या लॅरी पेनबर्थींच्या एमएसआर कंपनीने १९७३ साली बाजारात आणली. बाटली ज्योतीपासून लांब गेली, त्यामुळे वाऱ्याला आडोसा घट्ट लावता आला आणि वेगळी टाकी वाहायची गरज संपली. आज बाजारात जे दिसतात ते बहुतेक याच धर्तीचे आहेत.

इकडे शुद्ध केलेलं पेट्रोल दुकानात मिळतं, त्यात गाडीच्या पेट्रोलची मिश्रणं नसतात. बर्नर वर्षानुवर्षं साफ करावा लागत नाही. भारतात ते सहज मिळत नाही, हाच मोठा फरक. अमेरिकेतल्या किंवा युरोपातल्या लोकांनी लिहिलेली परीक्षणं वाचताना हे ध्यानात ठेवा. 'कधी साफच करावा लागला नाही' असं ते म्हणतात तेव्हा ते आपल्या पंपावरच्या पेट्रोलबद्दल बोलत नसतात.

पायवाट
हे फार महत्त्वाचं सांगितलंत. म्हणजे आपलं पेट्रोल वापरायचं तर साफसफाई गृहीत धरायची. आता इथेनॉलही मिसळलेलं असतं, त्याने काही बिघडतं का?

कातळकडा
२० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आता सगळीकडेच आहे. स्टोव्ह त्यावर जळतो. उष्णता थोडी कमी मिळते, कारण इथेनॉलमध्ये वजनामागे उष्णता कमी असते. खरा प्रश्न रबराचा. पंपात, बाटलीच्या तोंडाशी, झडपेत ज्या ओ रिंग असतात त्यातलं काही रबर इथेनॉलमध्ये फुगतं, मऊ पडतं, आणि पुढे वाळलं की तडकतं. सात-आठ दिवसांत काही होणार नाही. होतं ते घरी आल्यावर, पेट्रोल बाटलीत तसंच ठेवून पंप आतच सोडला की. ट्रेक संपला की उरलेलं पेट्रोल कुणाच्या गाडीत घाला, बाटली उघडी वाळवा, पंप बाहेर काढून पुसा, रिंगांना किंचित सिलिकॉनचं ग्रीस लावा. टिकाऊपणाचं म्हणाल तर माझ्या मते अर्धा टिकाऊपणा इथेच आहे.

घिसाडी
पेट्रोल नको असेल तर रंगाच्या दुकानात थिनर मिळतो की. स्वस्त आणि कुठेही. कुणी वापरलाय?

कातळकडा
घिसाडी, कृपया नको. एनसी थिनरमध्ये टोल्यूइन, ॲसिटोनसारखी द्रावणं असतात. ओ रिंग आणि प्लास्टिक खाऊन टाकतात, धूर विषारी, आणि भडका पेट्रोलसारखाच. रंगाच्या दुकानातलं मिनरल टर्पेंटाइन ही वेगळी चीज आहे, ते रॉकेलच्या जातीचं असतं आणि रॉकेलच्या जेटवर (जेट म्हणजे वाफ सुटते तो बारीक भोकाचा सुटा भाग) जळतं, पण काजळी बरीच धरतं. अगदी नाइलाज असेल तर एकवेळ चालेल, पण ते गृहीत धरून ट्रेक आखू नये.

सायकलवाली
आणि डिझेल? काझात तेही आहे म्हणालात.

कातळकडा
जळतं, पण फार तापवावं लागतं आणि भांडी काळीकुट्ट होतात. वास कपड्यांना, पिठाला, सगळ्याला लागतो. कडाक्याच्या थंडीत साध्या डिझेलमधलं मेण गोठतं, म्हणूनच लडाखसाठी २०१९ मध्ये उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहणारं खास हिवाळी डिझेल आणलं. ऑगस्टमध्ये ती अडचण नाही, पण पेट्रोल मिळत असताना डिझेल कशाला?

रानभूल
बरं, आता स्टोव्हची नावं घ्या ना कुणीतरी. 😊

कातळकडा
घेतो. पण कशासाठी काय, हे आधी.

तुम्ही चौघं आहात आणि वरण-भात, खिचडी, पिठलं करणार. नुसतं पाणी उकळून पाकिटात ओतायचं असतं तर एमएसआरचा एक्सजीके घ्या म्हटलं असतं. आडदांड, गोंगाट करणारा, काहीही पाजा जळणारा. मोठ्या मोहिमांत बर्फ वितळवायला वर्षानुवर्षं तोच दिसतो. पण त्याला मंद आच ठाऊक नाही. व्हिस्परलाइट इंटरनॅशनल हलका, आवाज कमी, रचना साधी, जगभर सर्वांत जास्त वापरला गेलेल्यांपैकी एक. त्यालाही मंद करायचं तर बाटलीतला दाब कमी ठेवून जमवावं लागतं. सरावाने येतं, पण चौघांचा भात त्यावर करताना माणूस तिथून हलू शकत नाही.

म्हणून तुम्हाला दोन झडपांचा घ्यायला सांगेन: एक झडप बाटलीपाशी, दुसरी बर्नरपाशी. एमएसआरचा ड्रॅगनफ्लाय किंवा प्रायमसचा ओम्नीफ्युएल. दोन्हींवर पिठलं न करपवता होतं. दोन्हींचा आवाज मोठा आहे, हे आधीच सांगतो, शेजारी बसून बोलता येत नाही. ओम्नीफ्युएलसोबत वेगवेगळे जेट येतात: गॅसला ०.४५ मिलिमीटर, पेट्रोलला ०.३७, रॉकेल-डिझेलला ०.२८. इंधन जड होत जातं तसं भोक बारीक लागतं, कारण तेवढ्याच वाफेला जळायला जास्त हवा हवी असते. पेट्रोलच्या जेटवर रॉकेल घातलं तर ज्योत पिवळी, लांब आणि काजळीची येते. ज्योत बघून जेट चुकलाय हे ओळखता आलं पाहिजे.

आता टिकाऊपणा. बर्नर सहसा मरत नाही, तो पितळ-पोलादाचा असतो. मरतो तो पंप. एमएसआरचा पंप प्लास्टिकचा आहे. पिशवीत त्यावर कुणी बसलं किंवा दगडावर आपटला की चिरतो, आणि चिरलेल्या पंपातून दाबाखालचं पेट्रोल बाहेर येणं ही जिवावरची गोष्ट. लांबच्या ट्रेकला दुसरा पंप सोबत असावाच, स्टोव्ह कोणत्याही कंपनीचा असो. दुकानात स्टोव्ह बघायला जाल तेव्हा एकच प्रश्न विचारा: याचा पंप, जेट आणि दुरुस्तीचा संच सुटा मिळतो का, आज तुमच्याकडे आहे का? नाही म्हणाले तर कितीही सुंदर असला तरी ठेवून द्या.

बिनधास्त_भटका
माझ्याकडे आजोबांचा पितळी स्टोव्ह आहे. घासून लख्ख केलाय. तो खेचरावर नेला तर? वजनाचा प्रश्नच नाही मग.

माई
ने की बाळा! पण आधी बघ, पंप दाब धरतोय का. दांडा ओढला आणि सोडला, आणि तो आपोआप वर येत राहिला, तर खालची झडप गेली. टाकीतली हवा पंपात परत येतेय. रॉकेलही येईल. आणि दांडा नुसताच सरसर खाली जातो, हाताला काहीच जोर लागत नाही, तर कातडी वायसर सुकलाय. तो बाहेर काढ, गोड्या तेलात रात्रभर ठेव, सकाळी बोटांनी कडा बाहेरच्या बाजूला पसरवून परत बसव. बसवताना कड दुमडली तर पुन्हा तेच होईल. आमच्याकडे दर दोन-तीन महिन्यांनी हे काम निघायचं.

बर्नर आणि नळी यांच्यात शिशाचा वायसर असतो. बर्नर उघडलास तर जुना परत लावू नकोस, नवाच लाव. तिथून वाफ सुटली तर ज्योत बाजूने येते.

कातळकडा
आणि पिन! बिनधास्त, पिन ही जेटच्या मापाचीच घ्या, सरळ धरून एकदाच आत-बाहेर करा. जाड तार किंवा शिवणाची सुई घातली की भोक लांबट होतं, ज्योत कायमची वाकडी, मग जेट बदलण्यावाचून इलाज नाही. ड्रॅगनफ्लाय, व्हिस्परलाइटच्या जेटमध्ये आतच वजन लावलेली सुई असते. थंड स्टोव्ह उलटासुलटा हलवला की टकटक आवाज येतो आणि भोक साफ होतं. मला ही या स्टोव्हमधली सर्वांत उपयोगी करामत वाटते.

पितळी स्टोव्ह मात्र रॉकेलवरच. त्यात पेट्रोल कधीही घालू नये. टाकी ज्योतीच्या थेट खाली असते, तापते, आणि पेट्रोल उणे ४० अंशांनाही पेटेल एवढी वाफ सोडतं. रॉकेलला त्यासाठी निदान ३५ अंश लागतात. घरगुती स्टोव्ह रॉकेलवर होते याचं कारण हेच. आणि तुमच्या वाटेवर रॉकेल मिळेल का, हे पुन्हा आलंच.

हिशेबनीस
इंधन किती न्यायचं हे कुणी लिहिलं नाही, म्हणून मांडतो.

एक लिटर पाणी २० अंशांवरून १०० वर न्यायला सुमारे ३३५ किलोज्यूल लागतात. पेट्रोल-रॉकेलमध्ये किलोमागे साधारण ४३ मेगाज्यूल. पातेल्यापर्यंत त्यातलं निम्म्याहून थोडं कमीच पोहोचतं. म्हणजे लिटरभर पाण्याला २० ते २५ मिली धरा. आडोसा नसेल आणि वारा असेल तर दुप्पट जातं, त्यामुळे ॲल्युमिनियमचा आडोसा हा चैनीचा भाग समजू नका.

दुसरी मजेशीर बाब: शून्य अंशाचं किलोभर बर्फ नुसतं वितळवायलाही जवळजवळ तेवढीच, ३३४ किलोज्यूल उष्णता लागते. वितळून झालं तरी पाणी शून्यावरच असतं, उकळणं अजून बाकी. म्हणून बर्फावर मुक्काम असेल तर इंधन दुप्पट. तुमच्या वाटेवर खिंडीलगतचा मुक्काम सोडला तर वाहतं पाणी आहे.

नेहमीचा ठोकताळा माणशी दिवसाला १०० ते १२० मिली. चौघं, आठ दिवस, म्हणजे पावणेचार लिटरच्या आसपास. हवामानाने एखादा दिवस अडकलात तर, आणि सांडलवंड धरून, पाच लिटर न्या. स्पिरिटच्या स्टोव्हचा विचार कुणी मांडला तर: त्यात किलोमागे २७ मेगाज्यूलच असतात, म्हणजे वजन दीडपटीहून जास्त वाहावं लागेल.

पायवाट
हिशेबनीस, मनापासून आभार, हेच हवं होतं. कुकर न्यावा का? वजनाला जड, पण डाळ शिजेल का त्याशिवाय?

हिशेबनीस
नाही शिजणार. ४,५०० मीटरवर पाणी ८५ अंशांच्या आसपास उकळतं. तूरडाळ त्यात तासभर ठेवलीत तरी दाणा राहील आणि इंधन संपेल. कुकरमध्ये शिट्टीचा दाब बाहेरच्या दाबावर चढतो, त्यामुळे आत सुमारे ११३ अंश मिळतात. पुण्यात १२० मिळतात, त्यापेक्षा थोडे कमी, पण पुरेसे. एक-दोन शिट्ट्या जास्त. खेचर आहे तर तीन लिटरचा ॲल्युमिनियमचा कुकर डोळे मिटून न्या. त्याने वाचणारं पेट्रोल त्याच्या वजनाची भरपाई करतं.

माई
आणि तूरडाळ नेऊच नका, मूग किंवा मसूर न्या. तासभर आधी भिजवली की झालं. पिठल्याला मात्र पातेल्याखाली लोखंडी तवा ठेवा. तुमच्या स्टोव्हची आच मधोमध एका रुपयाएवढ्या जागेत येते, तिथेच पिठलं धरतं. तव्याने ती पसरते.

सायकलवाली
कुकर ठेवताना स्टोव्हच्या पायांखाली सपाट दगड घ्या. भरलेला कुकर उंच आणि जड होतो, एक पाय वाळूत रुतला की सगळं कलंडतं.

उत्तरायण
एक गोष्ट इतकी महत्त्वाची आहे की वेगळी लिहितो. तंबूत स्टोव्ह नको. पाऊस असो, हिमवर्षाव असो. ज्योत पुरी जळत नसेल, पातेलं थंड असेल, हवा खेळत नसेल, तर कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. डोकं दुखतं, मळमळतं, झोप येते, आणि ही सगळी लक्षणं विरळ हवेच्या त्रासासारखीच असतात. म्हणून उंचीवर ओळखायला फार अवघड. शिवाय पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, तंबूच्या तळाशी साचते. बाटली भरणंसुद्धा तंबूपासून लांब, स्टोव्ह पूर्ण निवाल्यावर, आणि डोक्यावरचे दिवे सोडून आजूबाजूला काहीही पेटतं नसताना. बाटली तोंडापर्यंत भरू नका, खुणेपर्यंतच. वर हवेला जागा नसेल तर दाब बसत नाही आणि गरम झाल्यावर इंधनाला फुगायला वाव राहत नाही.

पायवाट
जाण्याचा प्रश्न राहिला. रेल्वेने चंडीगड, पुढे बसने. रिकामा स्टोव्ह रेल्वेत चालतो ना?

सायकलवाली
इंधन अजिबात नाही. रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १६४ मध्ये ज्वालाग्राही वस्तू नेल्याबद्दल तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. आणि हा नियम उगाच नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये मदुराईत उभ्या डब्यात यात्रेकरूंनी चोरून नेलेल्या गॅस सिलिंडरमुळे आग लागली, नऊ माणसं गेली. स्टोव्ह नेताना बाटली आणि नळी साबणाच्या पाण्याने धुवा, उन्हात उघडी दोन दिवस वाळवा, वास राहता कामा नये. विमानाने जाणार असाल तर आधी विमान कंपनीची परवानगी लागते, आणि वापरलेला स्टोव्ह वासामुळे विमानतळावर काढून ठेवायला लावतात. माझ्या ओळखीतल्यांचे गेलेत असे. नवा, न वापरलेला स्टोव्ह असेल तरी तो गच्चीत एकदा पेटवला की वापरलेलाच झाला.

कातळकडा
सुटे भाग विचारले होते, तेही सांगून टाकतो. दुसरा पंप. पंपाच्या आणि झडपेच्या ओ रिंग, प्रत्येकी दोन. इंधनाच्या जाळीचा फिल्टर. एक जादा जेट. सुई. कंपनीचं छोटं हत्यार, त्यानेच जेट खोलतात आणि नळीतली तार ओढतात. एमएसआरच्या नळीत आत एक तार असते. पेट्रोलमधलं काळं साचलं की ती तार अर्धी बाहेर ओढून परत घालायची, पाच-सहा वेळा, मग थोडं इंधन सोडून धुवायचं. तार निघत नसेल तर नळी स्पिरिटच्या ज्योतीवर गरम करून ओढा, साचलेलं सैल होतं. काझात पेट्रोल घेताना बारीक सुती कापडातून किंवा गाळणीतून गाळून घ्या. पाणी आणि गंज तिथेच अडतो.

बिनधास्त_भटका
ओ रिंग भारतात कुठे मिळतात? कंपनीचा संच मागवायला महाग पडतो.

कातळकडा
भोसरी, सातपूर, अंबड, जिथे औद्योगिक वसाहत आहे तिथे ऑइल सील आणि ओ रिंगची दुकानं असतात. काही रुपयांना एक. साधं काळं नायट्राइल न घेता व्हिटॉनचं मागा, ते इथेनॉलच्या पेट्रोलला जास्त दाद देत नाही. पितळी स्टोव्हचे कातडी आणि शिशाचे वायसर मला पुण्यात बोहरी आळीत मिळाले होते, दोन-तीन दुकानं फिरावी लागली.

पायवाट
सगळ्यांचे आभार. ठरलं: दोन झडपांचा स्टोव्ह, जादा पंपासह, पेट्रोलवर, काझात भरायचं, पाच लिटर. तीन लिटरचा कुकर, मसूर, लोखंडी तवा. पुढच्या आठवड्यात दुकानात पंप आणि संच सुटा मिळतो का ते विचारून मगच पैसे देतो. एक शेवटचं: ओ रिंग घेताना माप कसं सांगायचं? जुनी काढून नेऊ?

कातळकडा
जुनी नेऊ नका. वापरलेली रिंग फुगलेली किंवा चपटी झालेली असते, माप चुकतं. स्टोव्ह नवा आहे तोवरच पंपातली रिंग हलकेच काढून व्हर्नियरने आतला व्यास आणि कडेची जाडी मोजा, दोन्ही आकडे पुस्तिकेच्या मागच्या पानावर लिहून ठेवा. दुकानात हेच दोन आकडे विचारतात. आणलेली नवी रिंग घरीच बसवून, बाटलीत पाणी भरून, पंप मारून रात्रभर आडवी ठेवून बघा. सकाळी खालचा कागद कोरडा असेल तर ती रिंग ट्रेकला न्यायची. मग बाटली आणि पंप पूर्ण वाळवा, पाण्याचा थेंब जेटमध्ये गेला की ज्योत थुंकत राहते.